मोजाचं आणि मापाचं

मे महिना लागला की आमच्या कार्यालयात सगळ्यांना एकाएकी गणिताची ओढ लागायची. एरवी ज्यांना तेराचा पाढा विचारला तर घाम फुटायचा, ते आस्थापनेतले बाबू, आवक-जावकच्या बाई, अगदी जीपचा ड्रायव्हरसुद्धा 'जरा कॉम्प्युटरचं काम होतं' म्हणत आमच्या दाराशी घुटमळायचे. कारण साधं होतं. नागपूरचा उन्हाळा, पारा शेहेचाळीसवर, आणि सिव्हिल लाइन्समधल्या त्या सबंध इमारतीत एसी फक्त एका खोलीत होता. ती खोली साहेबांची नव्हती, कॉम्प्युटरची होती. साहेबांकडे वाळ्याचा कूलर होता आणि त्यात दर तासाला शिपाई बादलीने पाणी ओतायचा.

या गार खोलीच्या दारात सोनकुसरे बसलेले असत.

"चपला बाहेर काढा जी. अन् काम सांगा. हवा खायाचं काम असन त अंबाझरी तलावावर जा."

एवढं ऐकून निम्मे लोक परत जायचे. उरलेल्यांना ते आत घ्यायचे, पण फुकट नाही. प्रत्येकाला एक हिशेब विचारायचे आणि उत्तर चुकलं की दार दाखवायचे. जीपच्या ड्रायव्हरचं उत्तर कधीच चुकायचं नाही, म्हणून तो उन्हाळाभर आमच्याकडेच असायचा आणि साहेब त्याच्या नावाने बाहेर शंख करायचे.

मारोतराव सोनकुसरे मूळचे उमरेडचे, विणकराच्या घरातले. मॅट्रिक होईपर्यंत आणि नंतरही दोनेक वर्षं ते मागावर बसले होते. मग आमच्या कार्यालयात कारकून म्हणून चिकटले. कॉम्प्युटर आला तेव्हा कार्डं पंच करायला, म्हणजे प्रोग्रामच्या ओळी पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून उतरवायला, माणसं हवी होती. कोणाची बोटं झरझर चालतात अशी विचारणा झाली, आणि ज्याने मागावर धोटा फेकला आहे त्याची बोटं चालणारच, अशा न्यायाने यांना पाठवलं. पंचिंग करता करता त्यांनी एका सायक्लोस्टाइल पुस्तकावरून फोर्ट्रान शिकून घेतली. ती आकडेमोडीसाठी शास्त्रज्ञांनी काढलेली प्रोग्रामची भाषा. सोनकुसऱ्यांचं इंग्रजी बेताचं होतं. त्यामुळे त्यांनी ती सगळी भाषा मनातल्या मनात उमरेडला नेऊन विणून आणली होती.

मी एम.एस्सी. होऊन रुजू झाले तो जानेवारी होता. प्रताप नगरहून सायकल मारत आलेली, नवी साडी, चेहऱ्यावर शहाणपण. सोनकुसऱ्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय शिकून आली वं बाई?"

"गणित."

"अरे बाप्पा. मंग सांग, एक भागिले दोन किती?"

"अर्धा," मी म्हटलं.

"शून्य," सोनकुसरे म्हणाले, आणि टेबलाच्या खणातून एक संत्रं काढून माझ्यासमोर ठेवलं. "हे एक संत्रं. आपण माणसं दोन. फाडाची परवानगी नाही. तुले किती आलं?"

"पण का फाडायचं नाही?"

"मोजाचं आहे म्हून. मोजाचं फाडल्या जात नाही. सांग, किती आलं?"

"शून्य," मी कबूल केलं.

"मले?"

"तुम्हालाही शून्य."

"हुशार आहे. आता एकापुढे टिंब दे, दोनापुढेही टिंब दे. टिंब देल्लं की चाकू आला. आता फाड."

त्यांनी संत्रं सोललं. फोडी निघाल्या अकरा. पाच माझ्या हातावर ठेवल्या, पाच स्वतःपुढे ठेवल्या आणि अकरावी सरळ तोंडात टाकली. "बाकी राहिली ते मशीन खाते," म्हणाले. माझी फोर्ट्रानची पहिली शिकवणी ती, आणि खरं सांगते, तीन महिन्यांच्या सरकारी प्रशिक्षणात याहून जास्त काही कोणी शिकवलं नाही.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. फोर्ट्रानमध्ये आकड्यांच्या दोन जाती. एक पूर्णांक, दुसरे दशांशवाले. पूर्णांकाच्या डब्यात दशांश टाकला तर टिंबापुढचं सगळं गळून जातं. जवळच्या आकड्याला पूर्ण करून घेणं वगैरे काही नाही, नुसतं गळतं. अकरा पॉइंट नऊचे सरळ अकरा. सोनकुसऱ्यांनी या दोन जातींना आपल्या घरची नावं दिली होती. पूर्णांक म्हणजे मोजाचे. दशांशवाले म्हणजे मापाचे. ताण्याचे उभे धागे मोजाचे, कापड मापाचं. गावं मोजाची, पाणी मापाचं. आपण बोलताना सगळ्यालाच 'मोजलं' म्हणतो आणि तिथेच त्यांचा जीव जायचा. आमचं कार्यालय विहिरींचं होतं. गावोगावच्या विहिरींत पाणी किती खोल गेलं त्याचे आकडे दर महिन्याला यायचे. मी एकदा म्हटलं, "भाऊ, उमरेड तालुक्याचं पाणी मोजून आलं." तर हातातलं काम खाली ठेवून म्हणाले, "कोणी मोजलं? किती नग?"

आकड्याची जात बदलणं, म्हणजे मापाचा आकडा मोजाच्या डब्यात घालणं किंवा उलट, याला ते 'बदली' म्हणायचे. सरकारी नोकर माणूस, त्याला दुसरा शब्द सुचणार कुठून. "मोजाचा मापात गेला त काही बिघडत नाही. टिंबाचं बिऱ्हाड लागते, बाकी सारा शाबूत. पण मापाचा मोजात आला की त्याचं सामान मागे राहते. अन् मागे राहिलेलं सामान सरकार पाठवून देत नाही." हे ते अगदी मनापासून सांगायचे, कारण त्यांची स्वतःची एकदा गडचिरोलीकडे बदली झाली होती आणि तेव्हा मागे राहिलेला पाटा-वरवंटा अजून मिळाला नाही म्हणून यशोदाबाई, म्हणजे त्यांची बायको, अधूनमधून ऐकवायच्या.

कोणता डबा कोणत्या जातीचा हे फोर्ट्रान त्याच्या नावावरून ठरवायची. नाव आय, जे, के, एल, एम, एन यांपैकी एखाद्या अक्षराने सुरू झालं तर तो डबा मोजाचा, बाकी कुठल्याही अक्षराने सुरू झालं तर मापाचा. सोनकुसऱ्यांनी हे पुठ्ठ्यावर लिहून भिंतीवर टांगलं होतं: 'आय जे के एल एम एन मोजाचे. बाकी सारे मापाचे. गफलत करू नये.' पुठ्ठ्याला त्यांनी उदबत्ती लावली नाही एवढंच.

शर्टाच्या खिशात त्यांच्याकडे एक घडीची छोटी भिंगाची काच असायची. पितळेची, कापडाच्या एका इंचात किती धागे आहेत ते पाहायची, वडिलांची. आम्ही लिहिलेला प्रत्येक प्रोग्राम यंत्रात जाण्यापूर्वी त्यांच्या टेबलावरून जायचा. ते डोळ्याला काच लावून ओळ न् ओळ वाचायचे, पंच केलेल्या कार्डांची भोकं तपासायचे आणि खाली कोपऱ्यात 'मा.सो.' अशी दोन अक्षरं मारायचे. मा.सो. असलेला कागद चुकत नाही हा आमच्या कार्यालयाचा समज होता. तो खोटा नव्हता, एका वेळचा अपवाद सोडून.

त्यांचं एकच मागणं होतं आयुष्यात, हातवाली खुर्ची. आमच्याकडे अधीक्षक आणि त्यावरच्यांना हात असलेली खुर्ची मिळायची, खालच्यांना बिनहाताची. तरुणपणी मागाच्या खड्ड्यात बसून सोनकुसऱ्यांची कंबर गेली होती. उठताना त्यांना काहीतरी धरावं लागायचं, आणि धरायला काही नसल्यामुळे ते टेबलाचा खण धरून उठायचे, मग खण बाहेर यायचा आणि संत्री खाली घरंगळायची. त्या वर्षी जूनमध्ये अधीक्षकाची जागा रिकामी होणार होती. सेवाज्येष्ठतेने ती यांचीच होती. यशोदाबाईंना त्यांनी नव्या खुर्चीच्या मापाची गादी शिवायलाही सांगून ठेवलं होतं. "खुर्ची मोजाची, गादी मापाची," असं ते अर्थातच म्हणाले.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांच्या मुलीचं लग्न होतं, उमरेडला. मी गेले होते. लग्नाचा स्वयंपाक किती करायचा याचा हिशेब सोनकुसऱ्यांनी फोर्ट्रानच्या कोडिंगच्या कागदावर केला होता आणि तो आचाऱ्याला वाचून दाखवला होता. मोठी माणसं एक-एक, पोरं अर्धी-अर्धी, बेरजेत टिंबापुढचं कापलेलं. पहिल्या पंगतीतच भात संपला. सोनकुसरे कागद उलटासुलटा करून पाहत होते. तेवढ्यात यशोदाबाई पदर खोचून आल्या आणि शंभर माणसांत म्हणाल्या, "पोट्टं अर्धं असते जी, भूक अर्धी नसते."

 सोनकुसऱ्यांनी खिशातली काच काढून तो कागद पुन्हा पाहिला आणि मला म्हणाले, "बरोबर सांगून राहिली. भूक मापाची आहे. म्या मोजली." दुसऱ्या पंगतीचा भात शेजारच्या चार घरांतून शिजून आला आणि लग्न थाटात झालं.

आता मुख्य गोष्ट, आणि ती सांगताना मला आजही बरं वाटत नाही. लग्नाच्या रजेवर जायच्या दिवशी सोनकुसऱ्यांच्या हातात पत्रिकांची थप्पी होती आणि माझ्या हातात माझा प्रोग्राम. साधासुधा प्रोग्राम नव्हता तो. ज्या गावच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात सरासरी साडेअकरा मीटर किंवा त्याहून खोल जातं, त्या गावाला त्या वर्षी हातपंप मिळणार होता. त्या गावांची यादी माझा प्रोग्राम काढणार होता. यंत्राने छापली की तीच यादी घेऊन बोअर मारणाऱ्या गाड्या निघायच्या.

डब्यांना मी नावं मराठीत ठेवली होती. ही सोनकुसऱ्यांचीच शिकवण. "परक्या नावातली चूक डोळ्याले दिसत नाही. आपल्या भाषेत नाव ठेवजो." आधी एकदा मी गावांच्या संख्येला 'गाव' नाव दिलं होतं, तर त्यांनी काच लावून 'हे गाव मापाचं झालं वं, साडेतीन गाव छापन आता' म्हणून मला धारेवर धरलं होतं. या वेळी मी जपून होते. पाण्याच्या सरासरी खोलीच्या डब्याला मी छान, सरळ, कोणालाही कळेल असं नाव दिलं: खोली.

के, एच, ओ, एल, आय. पहिलं अक्षर के.

सोनकुसऱ्यांनी एका हातात पत्रिका धरून दुसऱ्या हाताने कागदावर मा.सो. मारलं. काच खिशातच राहिली. यंत्राने यादी छापली. खोलीच्या रकान्यात एकाखाली एक सुरेख पूर्ण आकडे आले, दहा, अकरा, तेरा, एकही टिंब नाही. साहेब पुण्याकडचे, टापटिपीचे भोक्ते. ते यादीवर फारच खूश झाले. "असं स्वच्छ काम पाहिजे," म्हणाले आणि सही केली. मी घरी जाऊन आईला सांगितलं की साहेबांनी माझं कौतुक केलं.

सोनकुसरे रजेवरून परत आले त्याच दिवशी दुपारी कौसाबाई आल्या. उमरेडकडच्या एका गावच्या, पंचायतीच्या मेंबर. उन्हातून बस बदलत आलेल्या, खांद्यावर विहिरीचा दोर. शेजारच्या गावाचं नाव यादीत आहे आणि आपलं नाही असं त्यांच्या कानावर आलं होतं.

"यादी तुमीच करता काय जी?" त्यांनी शिपायाला विचारलं.

"मशीन करते बाई," शिपाई म्हणाला.

"मंग मशीनले दाखवा हे," म्हणत त्यांनी दोर व्हरांड्यात टाकला.

दोराच्या टोकाला लुगड्याचा एक तुकडा बांधलेला होता, भिजून भिजून दोरासारखाच पीळदार झालेला. सोनकुसरे चपला न घालता बाहेर आले. खाली बसले. काच काढून त्यांनी आधी दोर नाही, तो तुकडा पाहिला.

"उमरेडचं आहे."

"हो जी. लग्नातलं माह्यं. दोर पुरत नाही म्हून जोडलं. तरी वाकाच लागते."

त्यांनी फीत मागवली. दोर अकरा मीटर भरला. लुगड्याचा तुकडा गाठ सोडून ऐंशी सेंटिमीटर. मग मला म्हणाले, "रजिस्टर आण वं बाई, अन् यादीही आण." मी त्यांच्या गावची पाण्याची नोंद वाचली. मार्चची अकरा पॉइंट दोन, एप्रिलची अकरा पॉइंट आठ, गेल्या मेची बारा पॉइंट चार.

"सरासरी?"

मी यादीतला आकडा वाचला. "अकरा." आणि वाचता वाचताच माझ्या तोंडचं पाणी पळालं. तोंडी हिशेब कोणीही करू शकलं असतं, अकरा पॉइंट आठ येत होते.

सोनकुसऱ्यांनी प्रोग्रामचा कागद मागितला. काच लावायचीही गरज पडली नाही. त्यांनी एका नावावर बोट ठेवलं. मग कोपऱ्यातल्या मा.सो.कडे पाहिलं.

"खोली," एवढंच म्हणाले.

साडेअकरा आणि बारा यांच्या मधे पडणारी सगळी गावं गळली होती. आम्ही हाताने मोजली, ती एकोणीस निघाली. गाड्या चार दिवसांनी निघायच्या होत्या.

आम्ही साहेबांकडे निघालो. सोनकुसरे पुढे, मी मागे, आमच्या मागे दोर घेऊन कौसाबाई. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. आधी त्यांना 'खोली' म्हणजे कुठली खोली हेच कळेना, त्यांना वाटलं आम्ही एसीच्या खोलीबद्दल काही मागायला आलो आहोत. कळल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सोनकुसरे, यादी मुंबईला गेली आहे. माझी सही आहे तिच्यावर. आता मी काय कळवू, आमच्याकडे एका अक्षरामुळे घोटाळा झाला म्हणून? आणि फरक तो किती? पॉइंट आठ. पुढच्या वर्षी घेऊ या गावांना."

सोनकुसऱ्यांनी कौसाबाईंच्या हातून दोर घेतला आणि साहेबांच्या टेबलावर, त्या स्वच्छ यादीवर, लुगड्याचं टोक ठेवलं.

"पॉइंट आठ हे आहे साहेब. मशीननं दोर घेतला अन् लुगडं सोडून देल्लं. आपण यादी नाही बदलली, त वर्षभर ही बाई एवढी इहिरीत वाकन."

कूलरचा पंखा खडखडत होता. साहेबांनी तो तुकडा हातात घेतला, गाठीत अजून ओल होती. मी साहेबांना कधी फारसं चांगलं म्हटलं नाही, पण त्या दिवशी त्यांनी जे केलं त्याला मी मानते. त्यांनी शिपायाला पाठवून मुंबईचा ट्रंककॉल लावायला सांगितला. "सुधारित यादी उद्या सकाळी माझ्या टेबलावर हवी," म्हणाले, "आणि सोनकुसरे, लेखी खुलासाही हवा. चूक कोणाची ते मला वर कळवावं लागेल. ते टळणार नाही."

बाहेर आल्यावर मी रडायलाच लागले. सोनकुसऱ्यांनी मला रडू दिलं, मग म्हणाले, "चूक किती झाली वं?"

"एक."

"माणसं किती? तू लिहिलं अन् म्या न वाचता अक्षर मारलं. दोन. एक भागिले दोन. टिंब द्याचं नाही. तुले किती आली?"

मला रडता रडता हसू आलं. "शून्य."

"जाय मंग, कार्ड बदलव. मापाचं नाव ठेव काही. खुलाशाचं मी पाह्यतो, दोघायच्या नावानं देऊन देतो."

मी 'खोली'च्या आधी ए लावला, 'अखोली'. अर्थ बिघडला पण जात सुधारली. दुसऱ्या दिवशी सकाळी सोनकुसऱ्यांनी एक एक कार्ड काचेखालून घातलं, यादी निघाली, एकोणीस गावं आत आली आणि गाड्या वेळेवर सुटल्या. मला कोणी काही विचारलं नाही. मी वाट पाहत होते साहेबांच्या बोलावण्याची, ते आलंच नाही. शून्य आलं म्हणजे शून्यच आलं, असं मला वाटलं. भिंतीवरच्या पुठ्ठ्यावर मात्र एक ओळ वाढली: 'खोली मापाची आहे.'

पावसाळ्यात कौसाबाई पुन्हा आल्या. गावात हातपंप बसला होता. त्यांनी तो दोर सोनकुसऱ्यांना देऊन टाकला. "आता याचं काय करू जी?" लुगड्याचा तुकडा तेवढा सोडून परत नेला, तो लग्नातला होता. सोनकुसरे त्या दोराने कार्डांचे खोके बांधायला लागले.

अधीक्षकाच्या जागेवर जूनमध्ये अमरावतीहून कोणीतरी बदलून आलं. आम्ही सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, सरकारी कारभार आहे, चालायचंच, म्हणालो. सोनकुसरे म्हणाले, "बदलीचा माणूस आहे. पाहा, त्याचं काही ना काही मागे राहिलं असन." यशोदाबाईंनी शिवलेली गादी त्यांनी बिनहाताच्या खुर्चीवरच घातली. ती दोन्ही बाजूंनी लोंबायची. त्याच खुर्चीवर, खण धरून उठत, संत्री गोळा करत त्यांनी पुढची सगळी वर्षं काढली आणि निवृत्त होऊन उमरेडला गेले. कार्यालयातून निघताना त्यांच्या सायकलच्या कॅरियरवर पुस्तकांचं गाठोडं होतं, कौसाबाईंच्या दोराने बांधलेलं.

अमरावतीच्या गृहस्थांनंतर ती हातवाली खुर्ची माझ्याकडे आली. अधीक्षकाच्या कपाटात जुन्या नोंदींच्या फाइली असतात. एकदा कपाट लावताना सोनकुसऱ्यांची फाइल हाताशी आली, आणि त्यात तो खुलासा होता. एकच कागद, त्यांच्या गोल, जपून काढलेल्या अक्षरात. 'सदर प्रोग्राम तपासण्याची जबाबदारी माझी होती. मी तो न वाचता त्यावर अक्षर केले. चूक माझी आहे.' माझं नाव त्यात कुठेही नव्हतं. समासात साहेबांचा शेरा होता, या कारणास्तव पदोन्नतीसाठी शिफारस करता येत नाही. मी त्या खुर्चीचे हात धरून उठले आणि मला माझीच लाज वाटली.

रविवारी सकाळच्या बसने मी उमरेडला गेले. सोनकुसऱ्यांनी निवृत्तीनंतर वडिलांचा माग पुन्हा लावला होता. ते खड्ड्यात कमरेपर्यंत उतरून फळीवर बसले होते. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला, पण हात थांबले नाहीत.

"ये वं बाई. कशी काय वाट चुकली?"

यशोदाबाईंनी पाणी दिलं. मी म्हटलं, "भाऊ, मी फाइल पाहिली."

"बरं."

"तुम्ही दोघांच्या नावाने देणार होता. अर्धी-अर्धी म्हणाला होता."

"अर्धी कधी म्हटली? म्या एक भागिले दोन म्हटलं. तुले किती आली?"

"शून्य."

"मंग? बरोबरच आली ना."

"आणि तुम्हाला?"

ते एका तुटलेल्या धाग्याला गाठ मारत होते.   मी म्हटलं, "त्या खुर्चीत मी बसते भाऊ आता. माझी अर्धी चूक मला द्या. निदान आता तरी द्या."

सोनकुसऱ्यांनी मान वर केली. यशोदाबाईंना हाक मारून परडीतून काहीतरी आणायला सांगितलं. त्यांनी एक संत्रं आणलं, घरात तेवढं एकच असावं. ते माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "फाडू नको. घरी नेजो." आणि मग, मला अगदी पहिल्या दिवशी समजावलं होतं तसंच, न कंटाळता, "चूक मोजाची असते वं. मापाची नसते. बाकी मशीन खाते म्हून सांगतलं मी तुले, पण माणसायचं तसं नाही. कोणाले तरी पूर्ण घ्या लागते."

बसची वेळ झाली होती. मी अंगणात येऊन वळून पाहिलं तेव्हा ते पुन्हा खाली वाकले होते, पितळेची काच डोळ्याला लावून, ओठ हलवत. एक एक धागा मोजत होते.